पाठमोऱ्याची पायरी

दर पौषात, खळी उरकून कणग्या भरल्या की आमच्या अंगणात एक माणूस यायचा आणि घराकडे पाठ करून उभा राहायचा. हाक नाही, गाणं नाही, हातात टाळ नाही की चिपळ्या नाहीत. दाराच्या पायरीवर चढायचा, अंगणाकडे तोंड करायचा, काठी दोन्ही हातांनी पुढे रोवायचा आणि एकदा घसा खाकरायचा. त्याच्या पाठीवर घोंगडीच्या तुकड्याची शिवलेली झोळी असे. तिच्या तोंडात बांबूच्या कांबीचं कडं बसवलेलं होतं, त्यामुळे ती कायम उघडी राही. देणाऱ्याने घरातून यायचं, मागून झोळीत ओतायचं आणि आत जायचं. शेवटचा दाणा पडला की तो म्हणायचा, "पावलं." मग मागे न बघता चालू लागायचा.

सगळा गाव त्याला पाठमोऱ्या म्हणे. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तो घाटावरचा, जुन्नरकडचा. माळशेज उतरून वैशाखऱ्याला यायचा, तिथून वाटेवरची गावं घेत मुरबाड आणि पुढे शहापूरच्या बाजूला जायचा.

त्याच्याविषयी मी लिहितो आहे खरा, पण हे लिहिताना मला लाज वाटते. भिकाऱ्याविषयी माणसाच्या मनात दया असावी, फार तर कंटाळा असावा. माझ्या मनात त्याच्यापायी कित्येक वर्षं मत्सर होता. त्याचा मत्सर नव्हे. तो ज्याच्या पायरीवर उभा राही त्याचा. आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ होता.

पाठमोऱ्याचं हे उलटं उभं राहणं गावाला चेष्टेला फार सोयीचं होतं. एका वर्षी कुणीतरी त्याच्या झोळीत ओढ्यातला जिवंत खेकडा टाकला. झोळीत काहीतरी चालतंय हे त्याला कळलं असणार. तो वळला नाही. समोरच्या गुरांकडे बघत मोठ्याने म्हणाला, "या घरात कालवण बी वाढत्यात. पावलं." दुसऱ्या वर्षी पोरांनी चांगला नारळाएवढा धोंडा टाकला. तो धोंडा घेऊन तो गेला. पुढच्या पौषात आला तेव्हा चावडीपुढे थांबला, झोळी उतरवली आणि तोच धोंडा काढून पाराखाली ठेवला. "मागल्या खेपेला कुणाचा तरी चुकून आला," म्हणाला. "चूल मांडताना घरच्यांची अडचण झाली आसंल." तो धोंडा त्याने शहापूरपर्यंत नेऊन परत आणला होता की वाटेत कुठे ठेवला होता, देव जाणे. पण नंतर कुणी धोंडा टाकला नाही.

कुत्र्यांनासुद्धा त्याचं काय करावं कळत नसे. घराकडे तोंड करून येणाऱ्यावर भुंकायची त्यांना सवय. हा पाठ करून उभा म्हटल्यावर ती थोडा वेळ घोटाळायची आणि मग त्याच्याच पायाशी बसून त्याच्याबरोबर अंगणाकडे बघायची, जणू तोही घरच्यातलाच एक राखण करणारा.

असा उभा का राहतोस, असं माझ्या वडिलांनी त्याला एकदा विचारलं होतं. वडील आणि तो जेवणं झाल्यावर ओटीच्या खाली बसले होते. तो म्हणाला, "मी वाण्याकडं मापाड्या हुतो. उभी हयात पायली न् शेर. माझा डोळा बिघडला. कुणाच्या हातात काय बी बघितलं की डोळा मापतो. भीक मागाया लागलो तवा पयल्याच घरी एक बाई मूठ घेऊन आली न् माझ्या मनात आलं, हिची मूठ लहान हाय. त्याच दिशी पाठ फिरवली. न बघितलं तर सगळ्यांचं सारखंच."

वडील खूप हसले. पण त्यानंतर ते स्वतः त्याला वाढू लागले. घरात बायका असताना, सुना आल्यावरसुद्धा. सूप हातात घेऊन पायरीवर त्याच्यामागे उभे राहत, हळूहळू ओतत, आणि ओतून झालं की त्याच्या पाठीला नमस्कार करत. तो नमस्कार त्याला दिसत नसे. आम्हाला दिसे.

वडील गेले त्या वर्षी पाठमोऱ्या आला तेव्हा सूप घेऊन दादा उभा होता. ओतण्याची धार निराळी लागली असेल, कारण तो म्हणाला, "थोरलं कुठं?" दादाने सांगितलं.  पाठमोऱ्याने हात मागे नेला, झोळीतून चाचपून मूठभर तांदूळ काढला, खाली वाकला आणि पायरीच्या कोपऱ्यावर ठेवला. गावोगावच्या, सतरा घरच्या तांदळाची ती मूठ. जाडा, बारीक, लाल, सगळा मिसळलेला. दादाने तो उचलून देवाजवळ ठेवला. मी बाजूलाच उभा होतो. मला कुणी काही दिलं नाही, मी काही उचललं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा जे टोचलं ते त्या दिवशी.

वाटणी मीच मागितली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दादा तंटा करणारा नव्हता. म्हणाला, "तू धाकला. तू आधी निवड. ओढ्याकाठचं भाताचं खाचर घे नायतर घर घे." मी खाचर निवडलं. वर्षाला दोन माणसांचं पोट भरून उरेल असं खाचर होतं ते. दादाच्या वाट्याला जुनं घर आणि सिद्धगडाच्या बाजूचं वरकस आलं, जिथे नाचणी-वरीपलीकडे फारसं काही होत नाही. मी शहाणपणाने निवडलं असं सगळे म्हणाले. मलाही तसं वाटलं, पौष येईपर्यंत.

अंगणापलीकडे गोठा होता, तो खाचराबरोबर माझ्याकडे आला होता. तो पाडून तिथे मी घर बांधलं. सुतार म्हणाला, "दार मावळतीला कशाला काढतोस? ऊन सगळं आत येल. रस्त्याच्या अंगाला काढ." मी म्हटलं, नाही, समोरासमोरच हवं. सुताराला मी कारण सांगितलं नाही. दादाच्या दारी कोण येतं, कोण थांबतं, ते मला घरात बसून दिसायला हवं होतं.

आणि दिसे. फिरत्या माणसांची सगळी ये-जा मला दिसे. कासारीण हुशार होती. ती अंगणाच्या बरोबर मधे बसायची आणि दोन्ही जावांना तिथेच बोलवायची. सुया-पोत विकणारी बाई एका वर्षी आधी त्यांच्याकडे गेली तर पुढच्या वर्षी आधी माझ्याकडे येई. नंदीवाला दोन्ही दारी बैलाची मान हलवून दोन्हीकडून सूप घेई. घोंगडीवाला धनगर तर माझ्याकडेच उतरायचा, कारण पेंढा माझ्याकडे जास्त. प्रत्येकाने आपापल्या परीने आमची वाटणी मान्य केली होती. केली नाही ती एकट्या पाठमोऱ्याने. तो यायचा तो सरळ जुन्या पायरीवर चढायचा, दादाच्या दाराला पाठ करायचा आणि माझ्या दाराकडे तोंड करून उभा राहायचा. "पावलं" म्हणून निघाला की माझ्या घरावरून पुढे शेजाऱ्याकडे. माझ्याकडे नाही.

गावातली एक म्हातारी तेव्हा माझ्या तोंडावर म्हणाली, "तो कसा येल तुज्याकं? तो घराला उभा ऱ्हातो. तुजं तर गोठ्याचं झालेलं हाय." तिने गंमत केली. मला ती कित्येक रात्री पुरली.

मी काय काय केलं ते सांगतो. आधी पायरी बांधली. ओढ्यातून सपाट दगड आणून, दादाच्या पायरीपेक्षा रुंद. पौष लागला की ती सारवून घ्यायला लावायचो. भरलेलं सूप दारात दिसेल असं ठेवायचो. बायको हसायची. "अवो, सोयरा येनार हाय का कुनी?"

"कुनी नाय."

"मंग मुलगी बगायला आल्यावानी दारात काय बसलाव? भिकाऱ्याची वाट बगनारा मानूस मी पयलाच पायला."

एका वर्षी तर मी वैशाखऱ्यापर्यंत त्याला सामोरा गेलो. वाटेत गाठलं, त्याची काठी मी घेतली, झोळी त्याने दिली नाही. गप्पा मारत आम्ही आलो. घाटात यंदा वाघरू दिसलं, अमक्या गावची सून बाळंत झाली, तमक्याकडे यंदा सूप हलकं वाटलं. तो बोलताना मोठा गमत्या होता. मी मनात म्हणत होतो, आता कसा जाईल? माझ्यासोबत आला, माझ्याच दारी चढेल. अंगणात पोचलो. त्याने माझ्या हातातून काठी घेतली, "बरं झालं, वाट सरली," म्हणाला आणि नेहमीप्रमाणे दादाच्या पायरीवर जाऊन माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी अंगणात मध्येच. आमच्या घरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि समोरच्या घरातून वहिनीच्या. एकाच वेळी. त्या हसण्याचा मला जो राग आला, तो त्याच्यावरच्या रागाहूनही मोठा होता.

मग लढाईची मधली वर्षं आली. सरकार खळ्यावरूनच धान्य वसूल करून नेऊ लागलं. माझं खाचर चांगलं, तरी हात आखडला. दादाचं वरकस दोन वर्षं ओळीने गेलं. तो गवत कापायला आणि गंजी रचायला लांब जाऊ लागला, आठ-आठ दिवस घरी नसे. त्यांच्याकडे चूल कशी पेटते हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला ठाऊक होतं. आणि त्यातही माझ्या मनाचा एक कोपरा पौषाची वाट बघत होता. यंदा तिथे सुपात काही नसेल. मग तो कुठे उभा राहील?

पण त्या दोन्ही वर्षी तो तिथेच उभा राहिला, आणि झोळीत तांदूळ पडल्याचा आवाज मी माझ्या दारातून ऐकला. चांगला सूपभर. मला कोडं पडलं. दादा लपवून ठेवतो की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. इतका मी खाली गेलो होतो.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलंच. सकाळपासून अंगणात उभा राहिलो. तो रस्त्यावरून आत वळला तसा मी त्याला पायरीपर्यंत जाऊच दिलं नाही. अंगणाच्या मध्यात आडवा आलो.

"बाबा, आज माझ्याकं."

"तुझ्याकडंच तोंड करून उभा आसतो की, लेका. इतकी वर्सं."

"तोंड नको. पाठ पायजे."

तो हसला. "लोकं तोंड दावा म्हनत्यात. तू पाठ मागतोस."

मी हसलो नाही. तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "हे बघ. तिकडं झोळीत पडतं ते बी तुझ्याच कणगीतलं हाय. तुझी बायकू पदराखाली टोपली घेऊन घरामागनं तिकडच्या परसात जाती. मग माझ्या मागं सूप वाजतं. मी समोर उभा. मला दिसतं. आनी काय पायजे तुला?"

मी मान वळवली. माझ्या घराच्या कोपऱ्याशी बायको उभी होती. पदर फुगलेला. मी सकाळपासून अंगणात उभा असल्यामुळे तिला निघता आलं नव्हतं. समोर दादाच्या दारात वहिनी आली होती, हातात सूप घेऊन, टोपलीची वाट बघत. सूप रिकामं होतं.

इथे माझं मन पालटायला हवं होतं. मी हे लिहितो आहे ते, मन पालटलं नाही म्हणून. मला एवढंच वाटलं, की म्हणजे तांदूळ माझा आणि मान त्यांचा. दोन वर्षं मी माझ्याच दारात बसून माझाच तांदूळ दुसऱ्याच्या नावाने पडताना ऐकत होतो.

"आज माझ्या दारी," मी म्हटलं.

"तुझ्या दाराला पाठ केली की तिकडं तोंड हुतंय," तो म्हणाला. "मग तिकडं बघावं लागंल मला. माझा डोळा कसा हाय तुला ठावं हाय."

"मंग बगा."

 तो माझ्या रुंद पायरीवर चढला, वळला, काठी रोवली. घसा खाकरला नाही. मी आतून सूप आणलं, शिगोशीग भरलेलं. त्याच्यामागे उभा राहिलो आणि त्याच्या खांद्यावरून मला समोर दिसलं. वहिनी दारातून हलली नव्हती. आत जावं तर लपल्यासारखं, उभं राहावं तर हातात रिकामं सूप. आयुष्यभर कुणाच्या हातांकडे बघायचं नाही म्हणून पाठ फिरवून हिंडलेला माणूस तिच्या हातांकडे बघत होता. तिने सूप हळूच पाठीमागे नेलं. त्याची मान खाली गेली.

मी ओतलं. सगळं ओतलं. तो "पावलं" म्हणाला नाही. उतरला आणि गेला. त्या वर्षी पुढच्या कुठल्याच दारी न थांबता तो गावातून बाहेर पडला, असं नंतर कळलं.

बायको टोपली घेऊन घरात आली आणि तांदूळ परत कणगीत ओतला. "झालं समाधान?" म्हणाली.

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? मामंजींची पायरी हाय ती. तिथून तो मोकळ्या झोळीनं गेला असता तर लाज कोनाची गेली असती? त्यांची एकल्यांची?" ती चुलीकडे वळली. "तुमाला पायरी पायजे व्हती. घ्या आता. बसा तिच्यावं."

दादा गवताच्या कामावरून आला. त्याला कळलं असणारच. त्याने मला एक शब्द विचारला नाही. त्याने विचारलं असतं तर मला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पुढचं दार बंद झालं. माणसं परसातून जायची-यायची. वर्षभर माझ्या दारासमोर ते बंद दार होतं, आणि मीच सुताराचं न ऐकता माझं दार त्याच्या समोर काढलं होतं. मावळतीचं ऊन रोज घरात येई आणि उंबऱ्यात उभं राहिलं की समोर तेवढंच बंद दार. कासारीणसुद्धा अंगणात बसेनाशी झाली.

पुढच्या पौषात तो येणार नाही अशी माझी खात्री होती. आला. रस्त्यावरून आत वळला, अंगणाच्या मध्यात थोडा थांबला, बंद दार बघितलं, माझं उघडं दार बघितलं. मग जुन्या पायरीवर चढला, बंद दाराला पाठ केली, काठी रोवली आणि घसा खाकरला.

त्याच्यामागे कुणी नव्हतं. दादा घरी नव्हता. बायको माझ्या मागे उभी होती. मी सूप भरलं. पहिल्यांदा शिगोशीग भरलं, मग मलाच काय वाटलं कोण जाणे, वरची शीग हाताने उतरवली. घरामागून जाण्याची वाट मला माहीत होती. पण ती बायकोची वाट होती. मी समोरून निघालो.

तेवढं अंगण मी जन्मभर ओलांडलं होतं. त्या दिवशी ते सरेना. तो समोरून माझ्याकडे बघत होता, डोळे उघडे. त्याने मान खाली घातली नाही, नजर वळवली नाही. तो मला मापत होता आणि मापू देत मी चाललो होतो. त्याच्या बाजूने पायरी चढलो, त्याच्यामागे उभा राहिलो. वडील तिथेच उभे राहत. खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनात आलं की अखेर मी इथे उभा राहिलो. तो कोपरा काही मेला नव्हता.

मी ओतू लागलो. वडिलांसारखं हळूहळू जमेना. सूप रिकामं झालं. तेवढ्यात मागे कडी वाजली.

दार उघडून वहिनी बाहेर आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. माझ्या हातातलं सूप घेतलं, उलटं करून त्याच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या. विणीत अडकलेले चार दाणे झोळीत पडले.

"पावलं," तो म्हणाला, आणि मागे न बघता पायरी उतरला.

त्या दिवसापासून ते दार पुन्हा उघडं राहू लागलं. पाठमोऱ्या त्यानंतर एक-दोन वर्षं आला, मग यायचा थांबला. आता दादा नाही. वहिनी म्हातारी झाली आहे, दुपारची माझ्याच ओट्यावर येऊन बसते. मधूनच तो विषय निघतो. ती म्हणते, "सुपातलं समदं पडलं तरी तो गप व्हता. माज्या हातचं पडलं तवा बोलला."

मी तिला काही बोलत नाही. मी तिचं इतकं देणं लागतो की बोलण्याचा हक्क नाही. पण तो "पावलं" माझ्या तांदळाला म्हणाला की तिच्या चार दाण्यांना, हे त्याने वळून पाहिलं असतं तरच कळलं असतं. आणि वहिनी म्हणते ते मला अजून पटलेलं नाही.